जीवरक्षक नौकेच्या मॉडेलवरील पट्टी : एका रेघेमागचा दोन शतकांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
टेबलावर वीतभर लांबीचे एक मॉडेल आहे. जीवरक्षक नौकेचे, म्हणजेच लाइफबोटीचे. अंग घासून गुळगुळीत केले आहे, प्रायमरचा करडा थर वाळला आहे. आता रंग कोणता द्यायचा आणि पट्टी कोठून कोठपर्यंत ओढायची, हे ठरवायचे आहे. प्रश्न हौसेचा वाटतो, पण त्याचे उत्तर रंगाच्या डबीत मिळत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. आजचा हा धागा त्या शोधाविषयी आहे.

२/
आधी एक भेद स्पष्ट करू. मोठ्या जहाजाच्या कडेला टांगलेली असते ती एक लाइफबोट. जहाज बुडू लागले की प्रवाशांनी तिच्यात बसून निसटायचे. दुसरी लाइफबोट किनाऱ्यावर सज्ज ठेवलेली असते. वादळात सगळी जहाजे बंदराकडे धाव घेत असताना ही बंदरातून बाहेर पडते, संकटात सापडलेल्यांना आणण्यासाठी. आपली कथा मुख्यतः या दुसऱ्या नौकेची आहे. तिचा आरंभच एका मॉडेलपासून झाला.

३/
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी साउथ शील्ड्स हे बंदर आहे. १७८९ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचे जहाज तेथील हर्ड सँड्स या वाळूच्या दांड्यावर रुतले. किनाऱ्यावर प्रचंड गर्दी जमली होती. खलाशी डोळ्यांदेखत लाटांत पडत होते, पण त्यांच्यापर्यंत जाऊ शकेल अशी एकही होडी गावात नव्हती. अंतर फार नव्हते. उणीव होती ती योग्य नौकेची.

४/
या घटनेने हादरलेल्या स्थानिक प्रतिष्ठितांनी एक समिती नेमली आणि अशा समुद्रात टिकेल अशा नौकेच्या उत्तम मॉडेलसाठी दोन गिनींचे बक्षीस जाहीर केले. आलेल्या मॉडेलांपैकी एक पत्र्याचे होते. ते करणारा विल्यम वुडहॅव हा ना नौकाबांधणीकार होता, ना दर्यावर्दी. घरांना रंग देणे हा त्याचा व्यवसाय होता आणि चर्चमध्ये तो कारकुनी करीत असे. जीवरक्षक नौकेच्या इतिहासातील पहिल्या थोर मॉडेलकारांपैकी एक जण रंगारी होता, हे आपण लक्षात ठेवू.

५/
वुडहॅवच्या मॉडेलचा विशेष असा, की ते पाण्यात उलटे टाकले तरी आपोआप सुलटे होई. दोन्ही टोके उंच, त्यांत हवाबंद पोकळी, शिवाय बुचाच्या लाकडाचा उपयोग. नौका उलटली की ही हलकी, उंच टोके तिला त्या स्थितीत स्थिर राहू देत नाहीत आणि खालचे वजन तिला फिरवून पुन्हा पूर्वस्थितीत आणते. विहिरीवर एका बाईच्या भांड्यात तरंगणारी लाकडी डवली पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते.

६/
समितीने त्याला अर्धे बक्षीस, म्हणजे एक गिनी, देऊ केले. मग समितीतील दोघांनी चिकणमातीचे एक मॉडेल तयार केले आणि प्रत्यक्ष नौका बांधण्याचे काम हेन्री ग्रेटहेड या कारागिराकडे गेले. १७९० मध्ये ‘ओरिजिनल’ ही नौका पाण्यात उतरली. नौका चांगली होती. पुढे सुमारे चाळीस वर्षे तिने माणसे वाचवली. १८०२ मध्ये ब्रिटिश संसदेने ग्रेटहेडला १,२०० पौंड दिले. वुडहॅव १८२१ मध्ये गरिबीत वारला.

७/
पण ‘ओरिजिनल’मध्ये एक गोष्ट नव्हती. उलटल्यावर ती स्वतःहून सुलटी होत नसे. वुडहॅवच्या पत्र्याच्या मॉडेलमधील तो गुण मोठ्या नौकेत उतरलाच नाही. ग्रेटहेडच्या पद्धतीच्या नौका पुढे अनेक बंदरांत गेल्या आणि साठ वर्षे ही उणीव कोणाला फारशी खुपली नाही.

८/
४ डिसेंबर १८४९. तेच साउथ शील्ड्स, तीच हर्ड सँड्स. ‘बेट्सी’ नावाचे जहाज रुतले होते. ‘प्रॉव्हिडन्स’ ही जीवरक्षक नौका २४ जणांना घेऊन निघाली. हे सगळे त्या नदीमुखाची खडान्‌खडा माहिती असलेले पायलट, म्हणजे जहाजांना बंदरात आणणारे वाटाडे होते. जहाजाजवळ पोहोचल्यावर एका लाटेने नौका उलटली. ती सुलटी झाली नाही. २४ पैकी २० जण बुडाले.

९/
‘अ‍ॅडव्हेंचर’ फुटले तेथेच, साठ वर्षांनी. बाजूला पडलेल्या एका मॉडेलची किंमत त्या गावाने अशी मोजली. वुडहॅवचे मॉडेल स्वीकारले असते तर ते वीस जण खात्रीने वाचले असते, असे इतिहासकाराला म्हणता येत नाही. परंतु जो प्रश्न १७८९ मध्ये एका रंगाऱ्याने टेबलावर ठेवला होता, तोच प्रश्न १८४९ मध्ये समुद्राने पुन्हा विचारला, एवढे निश्चित म्हणता येते.

१०/
आता नॉर्थम्बरलंडचे चौथे ड्यूक अल्जरनन पर्सी पुढे आले. जीवरक्षक नौकेच्या उत्कृष्ट मॉडेलसाठी त्यांनी १०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. २८० मॉडेल व आराखडे आले. परीक्षकांनी शंभर गुणांची फूटपट्टी ठरवली. वल्ही मारण्यातील सुलभता, शिडावरची चाल, लाटांतील स्थैर्य अशा बाबींना स्वतंत्र गुण होते. ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंग यांच्या मॉडेलला ८४ गुण मिळाले आणि १८५१ मध्ये बक्षीस त्यांना मिळाले. त्यांची नौका स्वतःहून सुलटी होणारी होती.

११/
स्पर्धेतील काही मॉडेले त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील महाप्रदर्शनात मांडली गेली. पुढे वुलिच गोदीतील जेम्स पीक यांनी बीचिंगच्या रचनेत सुधारणा केल्या आणि त्यातून एक प्रमाण नमुना तयार झाला. १८२४ मध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आणि मधल्या काळात मरगळलेली राष्ट्रीय संस्थाही याच सुमारास सावरली. १८५४ पासून ती ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ म्हणून ओळखली जाते. पुढे आपण तिला ‘संस्था’ म्हणू.

१२/
येथून रंगाची कथा सुरू होते. नौका एका नमुन्याच्या झाल्या, तसे त्यांचे रूपही एक होत गेले. वरचे अंग निळे, खालचे पांढरे, आणि कडेने धावणारी तांबडी पट्टी. वल्ह्यांच्या काळातील संस्थेच्या नौकांचे हे ओळखीचे रूप. १८८४ मध्ये लिओनोरा प्रेस्टन यांनी संस्थेसाठी ध्वज तयार केला. त्यातही हेच तीन रंग आहेत : पांढऱ्यावर तांबडा क्रूस आणि भोवती निळी किनार.

१३/
या रंगांना एवढे महत्त्व का आले? कारण ही संस्था सरकारी नव्हती, आजही नाही. ती देणग्यांवर चालते. ज्या माणसाने आयुष्यात वादळ पाहिलेले नाही, त्याच्या खिशातील नाणे वादळात जाणाऱ्या नौकेपर्यंत पोहोचवायचे होते. त्यासाठी ती नौका त्याला ओळखता आली पाहिजे, आपली वाटली पाहिजे.

१४/
९ डिसेंबर १८८६ च्या रात्री हा संबंध प्रकर्षाने दिसला. लँकेशरच्या किनाऱ्यापाशी ‘मेक्सिको’ हे जहाज अडकले. तीन ठिकाणांहून तीन जीवरक्षक नौका निघाल्या. लिथमच्या नौकेने जहाजावरील बाराही जणांना वाचवले. पण सेंट अ‍ॅन्सची ‘लॉरा जेनेट’ आणि साउथपोर्टची ‘एलायझा फर्नली’ या दोन नौका उलटल्या. २७ जीवरक्षक मृत्युमुखी पडले. त्यांतील ‘एलायझा फर्नली’ स्वतःहून सुलटी होणारी म्हणून बांधलेली होती. त्या रात्री ती सुलटी झाली नाही. तंत्राने धोका कमी केला होता, संपवला नव्हता.

१५/
या २७ जणांच्या कुटुंबांसाठी निधी जमवताना चार्ल्स मकारा या उद्योजकाच्या लक्षात आले, की संस्थेचा भार मोजक्याच श्रीमंत देणगीदारांवर आहे. त्यांच्या पुढाकाराने १८९१ च्या ऑक्टोबरात मँचेस्टर येथे पहिला ‘लाइफबोट सॅटर्डे’ साजरा झाला. समुद्रापासून दूर असलेल्या गिरणीच्या शहरात रस्त्यातून खऱ्या जीवरक्षक नौकांची मिरवणूक निघाली आणि गर्दीतून पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ज्यांना समुद्रावर जाऊन नौका पाहणे शक्य नव्हते, त्यांच्या दारी नौका आली.

१६/
खरी नौका रोज रस्त्यात आणता येत नाही. मग तिची छोटी प्रतिकृती आली. दुकानांत, हॉटेलांत, बंदरांत नौकेच्या आकाराच्या दानपेट्या दिसू लागल्या. निळे अंग, पांढरा भाग, तांबडी रेघ आणि मध्ये नाणे टाकायची फट. कित्येक ब्रिटिश मुलांची जीवरक्षक नौकेशी पहिली भेट या मॉडेलरूपातच झाली. म्हणजे मॉडेलवरची पट्टी नुसती शोभेची नव्हती. ती खऱ्या नौकेच्या दोरांचा, वल्ह्यांचा आणि बुचाच्या जाकिटांचा खर्च गोळा करीत होती.

१७/
विसाव्या शतकात इंजिने आली आणि नौकांवर केबिन चढल्या. गडद निळा रंग किनाऱ्यावरून देखणा दिसतो, पण खवळलेल्या करड्या समुद्रात, विशेषतः वरून विमानातून पाहताना, तो पाण्यात मिसळून जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात संस्थेच्या नौकांची करडी केबिन आणि वरची बांधणी नारिंगी झाली. खालचे अंग निळेच राहिले आणि तांबडी पट्टीही राहिली. एकाच नौकेवर दोन गरजा नांदू लागल्या : खाली परंपरेची ओळख, वर नजरेत भरण्याची निकड.

१८/
पट्टीची दुसरी मोठी कथा अटलांटिकपलीकडची. १९६० च्या दशकात अमेरिकी तटरक्षक दलापुढे एक विचित्र अडचण होती. काम मोठे, पण लोकांना दल ओळखता येत नसे. त्याची जहाजे इतर सरकारी जहाजांपेक्षा वेगळी दिसत नसत. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विमानाची रंगसंगती करणारे रेमंड लोवी यांच्या कंपनीकडे हा प्रश्न सोपवला गेला. तिने सुचवलेले उत्तर साधे होते. रुंद तांबडी पट्टी, सोबत अरुंद पांढरी आणि निळी, आणि सगळ्यांना ६४ अंशांचा कल. चाचण्यांनंतर १९६७ मध्ये ती संपूर्ण दलाने स्वीकारली.

१९/
सुरुवातीला ही पट्टी सर्वांनाच रुचली असे नाही. दलाचे शिडांचे प्रशिक्षण जहाज ‘ईगल’ १९७६ पर्यंत पट्टीविना राहिले. जुन्या घाटाच्या पांढऱ्याशुभ्र जहाजावर आधुनिक रेघ कशाला, असा सूर होता. पण कल्पना एवढी नेमकी होती, की पुढे अनेक देशांच्या तटरक्षक दलांनी आपापल्या रंगांत ती उचलली. आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने अधिकृतपणे स्थापन झालेल्या भारतीय तटरक्षक दलाची पांढरी जहाजे मुंबईत किंवा रत्नागिरीत पाहिली असतील, तर नाळेजवळची तिरकी पट्टी आठवेल. ती याच घराण्यातली.

२०/
आता मॉडेलकाराची खरी परीक्षा. ‘द फायनेस्ट अवर्स’ हा २०१६ मधील चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी केप कॉडजवळ ‘पेंडलटन’ हे तेलवाहू जहाज दुभंगले. बर्नी वेबर आणि त्यांचे तीन साथीदार ‘सीजी ३६५००’ या अवघ्या ३६ फुटी लाकडी नौकेतून गेले आणि ३२ जणांना घेऊन परतले. या नौकेचे मॉडेल करून त्यावर तिरकी तांबडी पट्टी ओढली, तर ते कितीही सुबक असले तरी चूक आहे. त्या रात्रीनंतर पंधरा वर्षांनी ती पट्टी जन्माला आली.

२१/
याहून सुंदर उदाहरण ४४ फुटी पोलादी नौकेचे. अमेरिकी तटरक्षक दलाने ती १९६० च्या दशकारंभी विकसित केली. १९६४ मध्ये ब्रिटिश संस्थेने तिच्यापैकी एक घेतली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून तिची परीक्षा केली. तोवरच्या ब्रिटिश नौका साधारण ८ ते ९ नॉट वेगाने जात, ही १४ नॉटच्या आसपास. संस्थेने ती पसंत करून ‘वेव्हनी’ या वर्गनावाने आपल्याकडे बांधून घेतली. घाट एकच, पण अमेरिकेत तिच्यावर तिरकी पट्टी आली आणि ब्रिटनमध्ये निळे अंग, तांबडी कड व नारिंगी केबिन.

२२/
म्हणजे एकाच साच्यातून काढलेली दोन मॉडेले टेबलावर ठेवा. रंग देईपर्यंत ती जुळी भावंडे आहेत. रंग दिला की एक मॅसॅच्युसेट्सची होते, दुसरी नॉरफोकची. आणि पट्टी न ओढता अमेरिकी मॉडेल तसेच ठेवले, तर ते १९६७ च्या आधीचे होते. देश आणि काळ या दोन्ही गोष्टी त्या एका रेघेत सामावलेल्या असतात.

२३/
मग ती रेघ ओढायची कशी? आधी जलरेषा. मॉडेल सपाट फळीवर अगदी समतल बसवा. एका ठोकळ्यावर ठरावीक उंचीला पेन्सिल घट्ट बांधा आणि ठोकळा फळीवरून सरकवत मॉडेलभोवती फिरवा. नौकेचे अंग वक्र असते, पण पाण्याची पातळी सपाट असते. म्हणून पट्टी अंगाच्या वळणावरून नव्हे, फळीवरून मोजायची. नुसत्या नजरेने ओढलेली जलरेषा नाळेपाशी हमखास वर चढते.

२४/
मग रंगांचा क्रम. फिकट रंग आधी, गडद नंतर. पांढरा पूर्ण वाळला की त्यावर मास्किंग टेप लावा आणि टेपची कड नखाने दाबून बसवा. निळा देण्यापूर्वी त्या कडेवर पांढऱ्याचाच एक पातळ हात फिरवा. टेपखाली रंग झिरपायचाच असेल तर पांढरा झिरपेल, आणि तो दिसणार नाही. त्यानंतर निळ्याचे दोन-तीन पातळ थर. टेप काढताना ती स्वतःवर उलटी दुमडत, सावकाश ओढा. तिरक्या पट्टीचा कोन मात्र बाजूने पाहून, कागदी साचा धरून आखा. फुगीर अंगावर थेट कोनमापक ठेवला तर कोन चुकतो.

२५/
प्रमाणाचा हिशेबही विसरू नये. ४४ फुटी नौका १:४८ प्रमाणात सुमारे २८ सेंटिमीटर होते. खऱ्या नौकेवरची १० सेंटिमीटरची पट्टी मॉडेलवर जेमतेम २ मिलिमीटर भरते. अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या नौकेवर जवळपास अडीच सेंटिमीटर. म्हणून घाई करू नका. आणि रंग निवडण्याआधी मॉडेलच्या पाटीवर वर्ष लिहा. वर्ष ठरले की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

२६/
वुडहॅवचे पत्र्याचे मॉडेल आज साउथ शील्ड्सच्या संग्रहालयात आहे. ज्या गावाने त्याला एक गिनी देऊ केली, त्याच गावाने ते जपले. त्याच्या कल्पनेला हक्काची जागा मिळायला साठ वर्षे आणि वीस माणसांचे प्राण लागले. त्यानंतर नौकेवर आलेल्या प्रत्येक रंगामागे कोणाचा तरी निर्णय आहे आणि बहुतेक निर्णयांमागे एखादी वादळी रात्र आहे.

२७/
मित्रहो, पुढच्या वेळी बंदरात तिरक्या पट्टीचे जहाज दिसले, किंवा संग्रहालयाच्या काचेआड एखादी निळी-पांढरी छोटी नौका दिसली, तर क्षणभर थांबा आणि विचारा : ही रेघ येथे कधी आली, आणि कोणासाठी? हे विचारण्याची सवय लागली की इतिहासाचा अभ्यास सुरू झाला असे समजा. आणि घरी कोणी मॉडेल रंगवत बसले असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. टेप लावण्याआधी!

#थ्रेड_समाप्त